स्पोर्ट्स कारचे स्पार्क प्लग: निवड आणि बदल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिक आणि परिसरातील वेगवान गाड्यांचे मालक आमच्याकडे स्पार्क प्लगविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रश्न शक्यतो मालकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. पोलो जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएसपासून मस्टँग, पोर्श नाइन-इलेव्हन आणि ऑडी आर-एटपर्यंतच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. आकडे दिले आहेत ते विषय समजावा म्हणून. आपल्या गाडीचा नेमका प्लग, गॅप (ठिणगी ओलांडते ते अंतर) आणि टॉर्क (प्लग आवळण्याचा जोर) मात्र तिच्या सर्व्हिस पुस्तिकेतूनच घ्यावा.

१. स्पार्क प्लग ठिणगी पाडतो एवढे माहीत आहे. मग वेगवान गाडीत त्याची एवढी चर्चा कशासाठी?

ठिणगी पाडणे हे प्लगचे एक काम झाले. ज्वलनकक्षात शिरलेल्या आपल्या टोकाची उष्णता सिरॅमिक आणि धातूच्या अंगातून सिलिंडर हेडपर्यंत पोहोचवणे हे त्याचे दुसरे काम आहे, आणि प्लगची निवड बहुतांशी या दुसऱ्या कामावरून ठरते. इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्या घेत असताना प्रत्येक प्लग मिनिटाला ३,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे ५८ वेळा ठिणगी टाकतो. टर्बो असलेल्या इंजिनात हे सारे बरेच जास्त दाबाखाली घडते. साध्या गाडीत थोडा चुकीचा प्लगही वर्षानुवर्षे चालून जातो. जास्त दाबाच्या आणि जास्त फेऱ्यांच्या इंजिनात तीच चूक पिस्टनवर बेतू शकते.

२. प्लग किती किलोमीटरला बदलावेत? माझी गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते.

निकेलचे साधे प्लग साधारण २० ते ३० हजार किलोमीटर टिकतात. इरिडियम आणि प्लॅटिनमचे प्लग साध्या इंजिनात ८० हजार ते १ लाख किलोमीटरपर्यंत जातात, पण जास्त बूस्टच्या (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाच्या) टर्बो इंजिनात त्याच्या निम्मे आयुष्य धरून चालावे. पुस्तिकेत किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा दिलेली असते आणि दोहोंपैकी जी आधी येईल ती पाळायची असते.

कमी चालणाऱ्या गाडीला हा वर्षांचा नियम अधिक लागू पडतो. नाशिकमधल्या अनेक स्पोर्ट्स कार रविवारी सकाळी गंगापूर धरणापर्यंत जाऊन येतात आणि उरलेला आठवडा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या राहतात. मधल्या काळात धुण्यासाठी गाडी सुरू करून दोन मीटर पुढे घेणे आणि लगेच बंद करणे हा प्लगवरचा सर्वात वाईट प्रसंग असतो. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळते, टोक तापण्याआधीच इंजिन बंद होते आणि काजळी तशीच बसून राहते. अशी गाडी एकतर सुरूच करू नये, किंवा सुरू केल्यास पूर्ण तापेपर्यंत, निदान वीस मिनिटे, रस्त्यावर चालवावी.

३. गाडी मिसिंग करते आणि पिकअप कमी झाला आहे. दोष प्लगचा की कॉइलचा, हे कसे ओळखावे?

प्रथम स्कॅनरने कोड वाचून घ्यावा. पी०३०० म्हणजे वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये अनियमितपणे मिसफायर (मिश्रण नीट न पेटणे), पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यामध्ये, याप्रमाणे हे कोड असतात. समजा पी०३०३ आला, तर तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला उच्च व्होल्टेज पुरवणारा भाग) पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवून कोड पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. कोड बदलून पी०३०१ झाला तर कॉइल दोषी आहे. तो पी०३०३ वरच राहिला तर त्याच पद्धतीने प्लगची अदलाबदल करावी. त्यानंतरही दोष जागचा हलला नाही, तर इंजेक्टर, वायरिंग आणि कॉम्प्रेशन तपासण्याची वेळ आली असे समजावे.

पूर्ण थ्रॉटल दिल्यावर वरच्या गिअरमध्येच गाडी अडखळत असेल आणि सावकाश चालवताना सुरळीत असेल, तर झिजून वाढलेल्या गॅपचा संशय आधी घ्यावा (प्रश्न ८ पाहा). इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर वेग लगेच कमी करावा, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो भाग प्लगच्या मानाने फार महाग असतो.

४. निकेल, प्लॅटिनम आणि इरिडियम यांत नेमका फरक काय? इरिडियम टाकल्यावर ताकद वाढते का?

फरक मुख्यतः टिकाऊपणाचा आहे. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनम १,७६८ अंशांना आणि इरिडियम २,४४६ अंशांना. इरिडियम एवढे कठीण आणि उष्णतेला टिकणारे असल्यामुळे मधला इलेक्ट्रोड अगदी बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, ठेवता येतो. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडी घेते आणि ज्योतीची उष्णता शोषणारा धातूही कमी असतो. जास्त बूस्टच्या इंजिनात याचा खरा उपयोग होतो.

निरोगी इंजिनात चांगले निकेलचे प्लग काढून इरिडियमचे टाकल्याने जाणवेल एवढी ताकद वाढत नाही. पुष्कळदा जो फरक जाणवतो तो जुन्या, झिजलेल्या प्लगच्या जागी नवे आल्यामुळे असतो. दोन, तीन किंवा चार बाजूचे इलेक्ट्रोड असलेल्या प्लगचेही तसेच आहे. प्रत्येक वेळी ठिणगी एकाच वाटेने जाते. वाटा अनेक असल्यामुळे झीज विभागली जाते, इतकाच त्याचा लाभ असतो.

‘कॉपर प्लग’ या नावाने जो मिळतो त्याचे टोक निकेलमिश्रधातूचे असते आणि तांबे आतल्या गाभ्यात असते. इरिडियमच्या प्लगमध्येही बहुधा तांब्याचाच गाभा असतो.

५. ‘गरम प्लग’ आणि ‘थंड प्लग’ म्हणजे काय? थंड प्लगची ठिणगी थंड असते का?

ठिणगीशी याचा संबंध नाही. प्लग स्वतःची उष्णता किती लवकर हेडकडे सोडतो, त्यावरून त्याला गरम किंवा थंड म्हणतात, आणि यालाच हीट रेंज असे नाव आहे. गरम प्लगमध्ये टोकाकडचे सिरॅमिक लांब असते, त्यामुळे उष्णतेला लांबचा रस्ता घ्यावा लागतो आणि टोक तापलेले राहते. थंड प्लगमध्ये हा रस्ता आखूड असतो.

टोकाचे तापमान साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहावे लागते. ४५० च्या खाली काजळी जळून जात नाही आणि साचत राहते. ८५० च्या बरेच वर गेल्यास तापलेले टोकच ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवते, आणि पिस्टनला भोक पडण्यासारखे नुकसान त्यातून काही क्षणांत होऊ शकते. हीट रेंज एका पायरीने बदलली की टोकाचे तापमान सुमारे ७० ते १०० अंशांनी बदलते.

प्लगच्या निवडीचे मर्म येथे आहे. इंजिन प्रत्यक्षात ज्या उष्णतेत रोज चालते, त्या उष्णतेला साजेसा प्लग हवा. गाडीची किंमत, तिचा कमाल वेग आणि बोनेटवरचे चिन्ह यांवरून हीट रेंज ठरत नाही.

६. प्लगवरचा क्रमांक कसा वाचावा? एका कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड होतो, दुसरीत उलट, असे ऐकले आहे.

हे बरोबर आहे आणि घोटाळे बहुधा येथेच होतात. एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात आकडा वाढला की प्लग गरम होतो. एनजीकेचा ६ हा डेन्सोच्या २० च्या, ७ हा २२ च्या, ८ हा २४ च्या आणि ९ हा २७ च्या जवळ येतो.

उदाहरणादाखल एनजीकेचा बी-के-आर-६-ई-आय-एक्स-११ हा क्रमांक घेऊ. बी म्हणजे १४ मिमी व्यासाचे आटे, के म्हणजे १६ मिमीची षट्कोनी गोटी (सॉकेट पाना) लागणारे डोके, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ ही हीट रेंज, ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे, आय-एक्स म्हणजे इरिडियम आणि ११ म्हणजे १.१ मिमी गॅप. यातले आर हे अक्षर दुर्लक्षून चालत नाही. आधुनिक गाडीत रेझिस्टर नसलेला प्लग बसवला, तर ठिणगीचा विद्युत गोंगाट इंजिनाच्या कंट्रोल युनिटला आणि सेन्सरना गोंधळात टाकतो.

नाशिकमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मायको सर्कलला ज्या कंपनीचे नाव आहे ती मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ साली स्थापन झाली आणि २००८ पासून बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते. तिचा सातपूरचा कारखाना डिझेल इंजेक्शनच्या भागांसाठी प्रसिद्ध असला, तरी मायकोचे स्पार्क प्लग एका पिढीने स्कूटरपासून फियाटपर्यंत सर्वत्र वापरले आहेत. बॉशच्या त्या जुन्या पद्धतीत डब्ल्यू-१४५, डब्ल्यू-१७५, डब्ल्यू-२२५ असे आकडे असत आणि मोठा आकडा म्हणजे थंड प्लग असे. नव्या पद्धतीत हे उलटले. त्यामुळे अनुभवी मेस्त्रींनी मनापासून दिलेला सल्लाही कधी कधी जुन्या पद्धतीतला असतो. बॉशचा प्लग घेताना आकडा तोंडी न सांगता पूर्ण क्रमांक लिहून न्यावा.

७. गाडीला स्टेज १ ट्यूनिंग केले आहे. एक नंबर थंड प्लग टाकावा का?

यावर सरसकट होकार देता येत नाही. मूळ ताकदीत ७५ ते १०० अश्वशक्तीची भर पडल्यास एक पायरी थंड प्लग, असा एक ढोबळ नियम आहे. बहुतेक स्टेज १ ट्यूनिंगमध्ये (केवळ इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधल्या बदलात) वाढ याहून कमी असते, आणि मग मूळ हीट रेंज ठेवून गॅप थोडा कमी करणे पुरते. स्टेज २, मोठा टर्बो किंवा पाणी-मेथनॉल इंजेक्शन यांच्याकडे जाताना एक पायरी थंड प्लग जवळजवळ निश्चितच लागतो. ट्यून करणाऱ्याने नेमका प्लग सांगितला असेल तर तोच वापरावा, कारण इग्निशनचा नकाशा (ठिणगी केव्हा पडावी याचा तक्ता) त्याने तो प्लग गृहीत धरून बसवलेला असतो.

चुकीच्या बाजूला जायचेच झाले तर थंड बाजूची चूक कमी धोक्याची असते: काजळी साचेल, गाडी अडखळेल, पण इंजिन वाचेल. तथापि म्हणून दोन पायऱ्या थंड प्लग टाकून कॉलेज रोडच्या गर्दीत गाडी चालवणे योग्य ठरत नाही. ट्यून केलेल्या एका गाडीत ट्रॅकसाठीचे प्लग घालून ती रोज कार्यालयात नेली जात होती. तीन महिन्यांत सर्व प्लग काळे झाले होते आणि मालकांनी तोवर दोन कॉइल विनाकारण बदलल्या होत्या. मूळ हीट रेंजचे प्लग घातल्यावर दोष नाहीसा झाला.

८. गॅप किती ठेवावा? कमी गॅप चांगला की जास्त?

रुंद गॅपमध्ये ठिणगी लांब पडते आणि मिश्रण पेटण्यास सोपे जाते, पण तिला जास्त व्होल्टेज लागते. सिलिंडरमधला दाब वाढला की तोच गॅप ओलांडायला आणखी व्होल्टेज लागते. म्हणून विनाटर्बो इंजिनात गॅप मोठा आणि टर्बो इंजिनात लहान असतो. मस्टँग जीटीच्या पाच लिटर व्ही-८ इंजिनाच्या सुरुवातीच्या पिढ्यांना १.२५ ते १.३५ मिमी एवढा रुंद गॅप दिलेला होता. टर्बो इंजिनांचा मूळ गॅप बहुधा ०.७ ते ०.८ मिमीच्या आसपास असतो, आणि जास्त बूस्टवर तो ०.५५ ते ०.६५ पर्यंत खाली आणतात.

गॅप कमी करताना ०.०५ मिमीच्या पायरीने जावे. पूर्ण भारावर अडखळणे थांबले की तेथेच थांबावे. अकारण लहान गॅप ठेवल्यास आयडलिंगला गाडी थरथरते आणि ॲव्हरेजही खाली येतो.

९. खोक्यावर ‘गॅप आधीच लावलेला आहे’ असे लिहिलेले असते. तरी तपासावा का?

तपासावा. वाहतुकीत प्लग आपटलेला असू शकतो. इरिडियमच्या प्लगसाठी तारेचा गेज वापरावा. नाण्यासारखा गोल, उतरत्या कडेचा गेज मधल्या बारीक टोकावर रेटला गेला की ते टोक तुटते. वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड, तोही ०.२ मिमीहून जास्त नाही. याहून मोठा बदल हवा असल्यास तसाच गॅप असलेला प्लग विकत घ्यावा.

१०. प्लग घरी बदलता येतील का? कशी काळजी घ्यावी?

पुढे इंजिन असलेल्या चार सिलिंडरच्या गाडीत, धीर असेल तर, अवश्य येतील. व्ही-८ मध्ये मागचे दोन प्लग फायरवॉलखाली दडलेले असतात आणि तेथे हात अवघडतो. नाइन-इलेव्हनमध्ये प्लग इंजिनाच्या दोन्ही बाजूंना आडवे असल्यामुळे अनेक मॉडेलांत मागची चाके काढून आत जावे लागते, आणि आर-एटच्या व्ही-१० मध्ये दहा प्लग आहेत. अशा गाड्या लिफ्ट आणि त्या इंजिनाचा अनुभव असलेल्या ठिकाणीच द्याव्यात.

घरी काम करायचे असल्यास इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. संध्याकाळी गाडी लावून सकाळी काम करणे उत्तम. हेड ॲल्युमिनियमचे असते आणि ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे गरम हेडमधून प्लग काढताना आटे ओरबाडले जातात. बॅटरीची ऋण तार सोडवावी. कॉइलचे प्लास्टिकचे क्लिप जुन्या गाडीत ठिसूळ झालेले असतात, ते हलक्या हाताने उघडावेत आणि कॉइल थोडी गोल फिरवून सरळ वर ओढावी.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नेमकी तीच गाळू नये. प्लग सैल करण्यापूर्वी त्याच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल खळग्यात) दाबाची हवा मारून माती, खडे आणि वाळलेली पाने बाहेर काढावीत. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांच्या विहिरींत धातूची बारीक धूळही सापडते. प्लग निघाला की यातले सर्व काही थेट पिस्टनवर पडते. प्लग अर्धा फेरा सैल करून पुन्हा एकदा हवा मारावी, मगच पूर्ण काढावा.

गोटी पाना आत रबर किंवा चुंबक असलेला, प्लगसाठीचाच असावा. बहुतेक १४ मिमी आट्यांच्या प्लगना १६ मिमीची गोटी लागते. बीएमडब्ल्यू आणि मिनीच्या अनेक इंजिनांना मात्र बारा कोनांची, पातळ भिंतीची १४ मिमी गोटी लागते आणि साधी गोटी तेथे उतरतच नाही. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यावर मांडावेत, कारण त्यांचा रंग वाचायचा आहे (प्रश्न १४ पाहा).

नवा प्लग विहिरीत टाकून देऊ नये. गोटीत धरून सावकाश उतरवावा आणि पहिले काही आटे रॅचेट न लावता केवळ बोटांनी एक्स्टेंशन फिरवून बसवावेत. बोटांनी तीन-चार फेरे सहज गेले नाहीत तर थांबावे आणि पुन्हा सुरुवात करावी. हातातून फरशीवर पडलेला प्लग, वरून अखंड दिसत असला तरी, वापरू नये. सिरॅमिकला गेलेला केसासारखा तडा डोळ्यांना दिसत नाही.

११. टॉर्क किती द्यावा? माझ्याकडे टॉर्क रेंच नाही.

पुस्तिकेतला आकडा हाताशी नसेल तर, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वॉशर असलेल्या १४ मिमी प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २० आणि १० मिमीला १० ते १२ न्यूटन-मीटर टॉर्क धरतात. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला याहून कमी लागतो. टॉर्क रेंच नसल्यास वॉशरचा नवा १४ मिमी प्लग बोटांनी घट्ट बसल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा फिरवतात; वापरलेला प्लग पुन्हा लावताना वॉशर आधीच दबलेला असल्यामुळे एक-बारांश फेरा पुरतो; निमुळत्या बैठकीला एक-सोळांश फेरा देतात.

आमचे मत विचाराल तर, ज्या गाडीच्या हेडची दुरुस्ती लाखांत जाते तिच्यासाठी टॉर्क रेंच विकत किंवा उसना आणावा आणि मगच कामाला हात घालावा. सैल प्लगही घट्ट प्लगाइतकाच घातक असतो, कारण बैठक नीट टेकली नाही तर उष्णता हेडकडे जात नाही आणि योग्य हीट रेंजचा प्लगसुद्धा जळतो.

१२. आट्यांना अँटी-सीझ किंवा ग्रीस लावावे का?

लावू नये. आजच्या चांगल्या प्लगच्या आट्यांवर गंज आणि जाम होणे टाळणारा मुलामा असतो. त्यावर वंगण लावले की त्याच टॉर्कला प्लग ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो आणि अंग ताणले जाते. कॉइलच्या रबरी टोपीच्या आत डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर मात्र उपयोगी पडतो. त्यामुळे टोपी चिकटत नाही आणि ओल आत शिरत नाही.

१३. जुना प्लग निघतच नाही. जोर लावावा का?

जोर लावू नये. आट्यांच्या मुळाशी भेदक तेलाचे थेंब सोडून रात्रभर थांबावे. नंतर पाव फेरा सैल आणि थोडा पुन्हा घट्ट, असे पुढे-मागे करत प्लग काढावा, म्हणजे आट्यांत अडकलेला कार्बन भुगा होऊन सुटतो. करकर आवाज वाढत असेल तर पुन्हा तेल सोडावे.

आटे गेलेच तर हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचा नवा आटा) किंवा भरीव बुशीचा आटा बसवून हेड वाचवता येते. हे काम हेड जागेवर ठेवूनही होते, पण धातूचा कीस सिलिंडरमध्ये पडू न देण्याचे कौशल्य लागते. आटे बसवून घेतल्यावर त्या सिलिंडरचा प्लग पुढच्या सर्व्हिसला आवर्जून तपासावा.

१४. काढलेल्या प्लगच्या रंगावरून काय समजते?

फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सर्व ठीक. कोरडी, मखमली काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त, प्लग फार थंड किंवा प्रवास फार छोटे. ओला, तेलकट काळा थर म्हणजे पिस्टन रिंग, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचे सील यांतून तेल येत आहे. पांढरे पडलेले, फोड आलेले टोक म्हणजे प्लग फार गरम किंवा मिश्रणात पेट्रोल कमी.

सिरॅमिकवर मिरपुडीसारखे काळे किंवा चकाकणारे बारीक ठिपके दिसले तर गाडी चालवणे थांबवावे. चकाकणारे ठिपके हे पिस्टनचे ॲल्युमिनियम असू शकते, आणि त्याचा अर्थ इंजिन नॉक होत आहे (मिश्रण आपोआप पेटून दाबाचे धक्के बसत आहेत) असा आहे. नुसते प्लग बदलून गाडी पुन्हा ट्यूनच्या त्याच फाइलवर चालवणे अशा वेळी सर्वात महागात पडते.

लालसर विटकरी थर बहुधा पेट्रोलमध्ये टाकलेल्या लोह किंवा मँगॅनीजयुक्त ऑक्टेन बूस्टरचा असतो. धातूच्या कडेला लागून सिरॅमिकच्या बाहेरच्या भागावर दिसणाऱ्या तपकिरी वलयाने पुष्कळ जण घाबरतात आणि वायू गळतो आहे असे समजतात. ते उच्च व्होल्टेजने ओढलेल्या तेलाच्या सूक्ष्म कणांचे डाग असतात आणि त्यांनी काही बिघडत नाही.

१५. पॉलिश पेपरने घासून जुने प्लग पुन्हा वापरता येतात का?

स्कूटरच्या निकेल प्लगवर ही रीत चालत असे. इरिडियम किंवा प्लॅटिनमच्या टोकावर पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश फिरवला की मौल्यवान धातूचा छोटा तुकडाच निघून जातो, आणि सिरॅमिकवर घासलेल्या धातूची रेघ ठिणगीला नवी वाट करून देते. काजळी धरलेला पण नवा प्लग असल्यास, महामार्गावर अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी चालवल्यावर तो बहुधा स्वतःच स्वच्छ होतो.

१६. पावसाळ्यात गाडी अडखळते. प्लगमध्ये पाणी जाते का?

प्लगच्या विहिरीत जाते. इगतपुरी आणि त्र्यंबकच्या बाजूला जोरदार पावसात फिरलेल्या, किंवा बोनेट उघडून दाबाच्या पाण्याने इंजिन धुतलेल्या गाड्यांत हे वारंवार आढळते. पाणी साचले की ठिणगी गॅपमधून न जाता सिरॅमिकच्या बाहेरून धातूकडे पळते. कॉइल काढून विहीर हवेने कोरडी करावी आणि कॉइलच्या टोपीचे रबर तपासावे. पाण्याऐवजी तेल सापडले तर व्हॉल्व्ह कव्हरचे पॅकिंग किंवा विहिरीचे सील गेले आहे. ते बदलल्याशिवाय नवे प्लग घालण्यात अर्थ नाही.

१७. ई२० पेट्रोलसाठी वेगळे प्लग लागतात का?

केवळ ई२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, हीट रेंज बदलण्याची गरज नाही. इथेनॉल बाष्प होताना जास्त उष्णता शोषते आणि नॉकला अधिक प्रतिकार करते, त्यामुळे टोक तापण्याचा धोका वाढत नाही. प्लगचा रंग पूर्वीपेक्षा फिकट दिसू शकतो, त्यावरून मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा निष्कर्ष लगेच काढू नये. निफाडच्या बाजूला जानेवारीत पारा एक आकडी होतो तेव्हा इथेनॉलमिश्रित पेट्रोल थंड इंजिनात नीट बाष्प होत नाही, आणि त्यात प्लग गरजेपेक्षा थंड असला तर सकाळी गाडी सुरू होताना त्रास देते.

गाडीच्या इंधनप्रणालीला २० टक्के इथेनॉल मान्य आहे की नाही हा वेगळा आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पेट्रोलच्या झाकणावर आणि पुस्तिकेत शोधावे. प्लग बदलून तो सुटत नाही. ऑक्टेनचेही तसेच आहे: पुस्तिकेत ९५ किंवा ९८ लिहिले असेल तर तेवढ्या ऑक्टेनचे पेट्रोलच भरावे.

१८. नाशिक समुद्रसपाटीपासून उंच आहे. गाडी मुंबईहून आणली, तर प्लग बदलावे का?

नाही. नाशिकची उंची सुमारे ६०० मीटर असल्यामुळे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ७ टक्क्यांनी कमी असतो. विनाटर्बो इंजिनाची ताकद आणि उष्णता तेवढ्या प्रमाणात किंचित घटते, टर्बो इंजिन बूस्टने ही तूट बरीचशी भरून काढते. एका पायरीचा प्लग बदलावा एवढा हा फरक नाही. कसारा घाटात भर उन्हात पूर्ण थ्रॉटलवर चढणे ही प्लगची त्याहून कठीण परीक्षा आहे, आणि योग्य हीट रेंज ती सहन करते.

१९. माझ्या सहा सिलिंडरच्या गाडीला बारा प्लग सांगितले. फसवणूक तर नाही ना?

काही इंजिनांत एका सिलिंडरला खरोखरच दोन प्लग असतात. पोर्शच्या ९६४ आणि ९९३ या पिढ्यांच्या विनाटर्बो इंजिनांत सहा सिलिंडरना बारा प्लग आहेत. मर्सिडीजच्या एम-११३ या व्ही-८ इंजिनात सोळा आहेत. पल्सरच्या डीटीएस-आय तंत्रामुळे ही कल्पना आपल्याकडे परिचित आहे. असे सर्व प्लग एकाच वेळी बदलावेत. माझदा आरएक्स-८ च्या रोटरी इंजिनात दोन रोटरना मिळून चार प्लग असतात आणि प्रत्येक रोटरचे लीडिंग व ट्रेलिंग (आधी आणि नंतर ठिणगी टाकणारे) प्लग वेगवेगळ्या प्रकारचे असतात. त्यांची अदलाबदल करू नये.

२०. थेट इंजेक्शनच्या इंजिनात प्लगचे तोंड ठरावीक दिशेला लागते असे म्हणतात. ते खरे का?

काही इंजिनांत खरे आहे. इंजेक्टरचा फवारा प्लगजवळून जात असल्यामुळे बाजूचा इलेक्ट्रोड वाटेत आला तर मिश्रण नीट पेटत नाही. अशा इंजिनांसाठी आटे ठरावीक ठिकाणी सुरू होणारे प्लग बनवतात, आणि योग्य टॉर्कला आवळले की दिशा आपोआप जुळते. म्हणून तेथे दिसायला सारखा असलेला पर्यायी प्लग चालत नाही, आणि टॉर्कमध्ये अंदाज तर मुळीच चालत नाही.

२१. बाजारात नकली प्लग मिळतात. कसे ओळखावेत?

इरिडियमचे टोक भिंगाखाली पाहावे. असली प्लगमध्ये ते बरोबर मध्यभागी, लेझर वेल्डिंगच्या एकसारख्या पट्ट्यासह बसवलेले असते. नकलीमध्ये ते जाड, तिरपे किंवा नुसते घासून टोकदार केलेले असते. असली प्लगचा वॉशर सैल असला तरी हाताने ओढून निघत नाही. सिरॅमिकवरची छपाई पुसट नसते आणि आट्यांना कंगोरे नसतात. चारही प्लगचे गॅप मोजून पाहिले तर नकली संचात ते हमखास वेगवेगळे निघतात. अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल घेऊन खरेदी करावी. निम्म्या किमतीत मिळणारा इरिडियमचा संच घेऊ नये.

२२. सर्व प्लग नवे घातले, पण एकाच सिलिंडरचा प्लग पुन्हा पुन्हा काळा होतो. आणखी गरम प्लग घालावा का?

फक्त त्या सिलिंडरला वेगळ्या हीट रेंजचा प्लग घालू नये. बाकीचे प्लग स्वच्छ असतील तर दोष त्या सिलिंडरमध्ये आहे. कॉइल अदलून पाहावी (प्रश्न ३ पाहा), काळा थर कोरडा आहे की तेलकट हे पाहावे (प्रश्न १४ पाहा), इंजेक्टर गळतो का हे तपासावे आणि कॉम्प्रेशनची चाचणी घ्यावी. चाचणीत त्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी आला तर थोडे इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजतात: दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गळते आहे. गाडी दाखवायला आणताना तो काळा प्लग न पुसता, सिलिंडरचा क्रमांक लिहून सोबत आणावा.